पेन्शन तेवढीच, बाजार मात्र चढताच: या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) 31 वर्षं काढली आणि 58 ला रिटायर झालो. हातात काय आलं तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडनं मिळणारी पेन्शन. सरकारी नोकरीवाल्यांना डीए (महागाई भत्ता) वाढून मिळतो, आपल्या या पेन्शनला तसलं काही नाही, पहिल्या महिन्यात जो आकडा खात्यावर पडला तोच धरून चालायचं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात डाळ-तेलाचा भाव काही आपल्या पेन्शनकडे बघून ठरत नाही. म्हणून मी केलेल्या आणि आजूबाजूला बघितलेल्या चुका लिहितोय, कुणाचं तरी नुकसान टळू दे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे येईल तेवढं व्याज खाऊन टाकणं. समजा 15 लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला 8.2 टक्क्यानं ठेवले, तर तीन महिन्याला 30,750 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 10,250. पहिल्या वर्षी वाटतं झकास चाललंय, मुद्दलाला हात पण लागत नाही. पण महागाई 6 टक्क्यानं वाढत गेली तर 12 वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे सत्तरीत पोचल्यावर त्याच 10,250 मध्ये आजच्या निम्माच बाजार येणार, आणि औषधं तर तेव्हाच वाढलेली असतात. मुद्दल शाबूत दिसतंय म्हणून आपण बिनधास्त राहतो, पण ते आतून पोखरलं जात असतंय बघा. यावर उपाय एकच सापडला, हातपाय चालतायत तोवर व्याजातले दोन-अडीच हजार परत बाजूला टाकायचे, पोस्टात आरडी (दर महिन्याला थोडी थोडी भरायची ठेव) काढली तरी चालेल. पुढं खर्च वाढला की ते उपयोगी पडतात. आणि ते तीन महिन्याचे पैसे एकदम घरखर्चाच्या खात्यात येऊ देऊ नका, वेगळ्या खात्यात घ्या आणि दर एक तारखेला ठरलेली रक्कमच इकडं ओढा, नाहीतर पहिल्या महिन्यात रविवारच्या मटणापासून पाहुण्यांच्या आहेरापर्यंत सगळं सढळ होतं आणि तिसऱ्या महिन्यात ओढाताण.

दुसरी चूक माझी स्वतःची, लिहिताना अजून पोटात तुटतंय. दीड-दोन टक्के जास्त व्याज मिळतंय म्हणून एका पतसंस्थेत चार लाख ठेवले. ओळखीचा माणूस, घरी येऊन पावती देऊन गेला. मुदत संपल्यावर गेलो तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "काका, पुढच्या सोमवारी या." असे किती सोमवार गेले मोजायचं सोडून दिलं, बायको पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर द्यायची आणि मी तशीच परत आणायचो. तेव्हा कळलं की बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँक असली तरी असतो, पण पतसंस्थेला तो नाही. बँकेत सुद्धा मुद्दल आणि व्याज धरून एका बँकेत 5 लाख, चार शाखांत ठेवले तरी तेवढेच. त्यामुळं जास्त टक्का दिसला की आधी ही बँक आहे का पतसंस्था तेवढं विचारा.

घरफाळा, पाणीपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, दिवाळी, लग्नाकार्याचे आहेर हे महिन्याच्या यादीत येतच नाहीत आणि तिथंच गणित फिसकटतं. वर्षाचा आकडा काढून बाराने भागा, तेवढे दर महिन्याला वेगळे काढा. मुलाच्या फ्लॅटला मदत करायची असली तर ग्रॅच्युइटी सगळी देऊन बसू नका, पोरं चांगली असतात पण त्यांच्या मागं पण हप्ते असतात.

काटकसर औषधात करायची नाही. आमच्या गल्लीत एकजण बीपीची गोळी ब्लेडनं अर्धी करून घेत होते, पाकीट दोन महिने पुरावं म्हणून. शेवटी सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यायची वेळ आली. गोळी महाग पडत असली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, जेनेरिक (तेच औषध, पण मोठ्या ब्रँडच्या नावाशिवाय) लिहून द्या म्हणा आणि सरकारच्या जनऔषधी केंद्रातून घ्या, बिलात लई फरक पडतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना हे सरकारी उपचाराचं कार्ड आधारवर काढून ठेवा, उत्पन्न किती ते बघत नाहीत, वर्षाला 5 लाखांपर्यंत अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च त्यात बसतो, रोजच्या गोळ्या मात्र नाही.

आता पेन्शन अचानक थांबली तर घाबरू नका, पहिल्यांदा हयातीचा दाखला बघा. ईपीएस वाल्यांना नोव्हेंबरातच द्यायला पाहिजे असं नाही, कधी पण देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, पण ती तारीख आपणच विसरतो. फाउंड्रीत वाळूत हात घासून माझा अंगठा मशीनवर उठतच नाही, तीनदा परत आलो. मग नातवानं मोबाईलवर जीवन प्रमाण अ‍ॅप उघडलं, खिडकीच्या उजेडात बसवलं, डोळे मिचकवायला लावले आणि पाच मिनिटांत काम झालं. तेव्हा मिळालेला प्रमाण आयडी (दाखल्याचा नंबर), पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) आणि पुढच्या वर्षीची तारीख आता कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलीय, आणि बायकोला दाखवून ठेवलंय, कारण माझ्या मागं तिला निम्मी पेन्शन लागणार आहे आणि तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा पीपीओ नंबरच विचारतात.