उरलेल्या बीअरचा सिरका, ओक लाकडावर मुरवलेला: तयारी काय काय लागते

इंग्लंडात तळलेल्या बटाट्यांवर शिंपडतात तो माल्टचा सिरका मुळात एल नावाच्या बीअरपासूनच होतो. त्यामुळे घरात पाहुण्यांनंतर तीन-चार बाटल्या उघड्या पडून त्यांचा गॅस गेला असेल, तर मोरीत ओतण्याआधी ही यादी वाचा. बाटलीत उरलेली बीअर चालते, ग्लासात उरलेली उष्टी नाही. लिंबाच्या किंवा फळांच्या स्वादाची, गोड केलेली नको. बिनअल्कोहोलची तर अजिबातच नको, कारण सिरक्याचे जिवाणू अल्कोहोलचंच आम्ल करतात. तेच नसेल तर बरणीत फक्त बुरशी वाढेल. हॉप्सची (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडू बीअर आंबते, पण तिचा कडवटपणा सिरक्यातही राहतो.

आधी हिशेब. अल्कोहोल ५ ते ६ टक्के हवं. आपल्याकडची स्ट्राँग बीअर ८ टक्क्यांपर्यंत जाते आणि तेवढ्यात जिवाणू मंदावतात. समजा ६५० मिलीच्या दोन बाटल्या ८ टक्क्यांच्या आणि एक ५ टक्क्यांची आहे. एकूण द्रव १९५० मिली, त्यात अल्कोहोल साधारण १३६ मिली. साडेपाच टक्क्यांवर आणायला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येत असलं तरी त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते उघड्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून पूर्ण गार करा. बीअर आदल्या दिवशीच दोन भांड्यांत वरखाली करून उघडी ठेवा. गॅस शिल्लक राहिला तर फेस येतो, शिवाय तो बरणीतली हवा बाहेर ढकलतो, आणि इथे हवेवरच सगळं चालतं.

बरणी काचेची, पाच लिटरची, रुंद तोंडाची; भरायची फक्त तीन लिटर, म्हणजे द्रवाची पातळी जिथे बरणी सर्वांत रुंद तिथे यावी. उंच, अरुंद बाटलीत हेच काम दुप्पट वेळ खातं. बर्तन बाजारातलं तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं याला चालणार नाही, आम्लात धातू उतरतो. जुन्या रंगीत चिनी मातीच्या बरण्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, त्याही लोणच्याच्या मांडणीवरच राहू द्या.

विरजण म्हणून ‘मदर’ (सिरक्याच्या जिवंत जिवाणूंचा साका) असलेला, न तापवलेला सफरचंदाचा सिरका ५०० ते ६०० मिली घ्या. तळाशी गढूळ साका दिसतो तोच. स्वच्छ पांढरा सिंथेटिक सिरका आंबट असला तरी त्यात जिवंत काही नसतं. विरजणात कंजुषी केली की फसतं: सुरुवातीलाच पुरेसं आम्ल असेल तर बुरशीला जागा मिळत नाही. तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड दुहेरी बांधा. मलमलीच्या विरळ जाळीतून चिलटं आत शिरतात आणि आठवड्याभरात अळ्या दिसतात.

मुहूर्त इंदूरच्या हवेवर ठरतो. जिवाणूंना २५ ते ३० अंश आवडतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लावू नका. जानेवारीच्या थंडीत काम नुसतं रेंगाळतं. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास लावलेलं सहसा नीट उतरतं. जागा अंधारी पण हवेशीर हवी, बंद कपाट नको. एकदा ठेवलेली बरणी हलवायची नाही. वर ओलसर, चकचकीत साय धरते, ती बुडाली की नवी धरेपर्यंत दिवस वाया जातात. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय म्हणजे रानटी यीस्ट, ती काढून टाकता येते. निळी-हिरवी केसाळ बुरशी आली तर सगळं फेका. नेलपॉलिशसारखा वास हवा कमी पडत असल्याचा इशारा आहे.

सहा ते आठ आठवड्यांनी चव घ्या, पण चवीवर थांबू नका. पीएच पट्टी आम्लाचं प्रमाण सांगत नाही. केमिकलच्या दुकानातून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रावण) आणा, हातमोजे घाला. ५ मिली सिरक्यात थोडं पाणी आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन घालून, फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब टाका. लागलेला द्रावणाचा प्रत्येक मिली म्हणजे ०.१२ टक्के आम्ल. ३८ मिली लागले तर साडेचार टक्के झाले. आपल्याकडे आंबवलेल्या सिरक्याला किमान ३.७५ टक्के लागतं. आकडा वाढायचा थांबला की लगेच गाळा. अल्कोहोल संपलं की जिवाणू आम्लच खाऊ लागतात.

ओक यानंतर, आधी नाही. तरंगणारे तुकडे साय मोडतात. मध्यम भाजलेल्या ओकचे चिप्स लिटरला ४ ग्रॅम. न भाजलेले मिळाले तर ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर तास-दीड तास, व्हॅनिलाचा वास सुटेपर्यंत भाजा. मग उकळतं पाणी ओतून ते पाणी टाकून द्या, तुरटपणाचा पहिला झटका त्यात जातो. वखारीतला सागवान, पॅकिंगच्या खोक्याची फळी किंवा पॉलिश केलेल्या फर्निचरचा तुकडा ओकच्या जागी घालू नका. लाकूड घातलं की बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा. चिप्सना दोन आठवडे पुरतात, ठोकळ्यांना महिना-दोन महिने. दर आठवड्याला चाखा, कारण जास्त झालेलं लाकूड परत काढता येत नाही. नंतर गाळून ६५ ते ७० अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवा आणि स्वच्छ बाटल्यांत भरा. टिकाऊ लोणच्यासाठी मात्र ५ टक्के मोजून भरलेलाच सिरका वापरा.