पोस्टग्रेस अ‍ॅक्टिव्ह दिसतंय पण चालू नाहीये: माझी पहिली ऑन-कॉल रात्र

पुण्यात जॉब लागून जेमतेम तीन महिने झालेले आणि रात्री दीडला फोन, अ‍ॅप बंद पडलंय. सर्व्हर उबुंटूवरचा, डेटाबेस पोस्टग्रेस 14. सिस्टमसीटीएलने (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) स्टेटस बघितलं तर हिरव्या अक्षरात अ‍ॅक्टिव्ह! मग काय, पाऊण तास मी फायरवॉल, पासवर्ड, अ‍ॅपचं कॉन्फिग सगळं उकरत बसलो. त्या अ‍ॅक्टिव्हच्या शेजारीच एक्झिटेड (म्हणजे काम संपवून बाहेर पडलेलं) असं लिहिलेलं असतं, ते वाचतंय कोण. उबुंटू-डेबियनवर ती सर्व्हिस म्हणजे नुसता बोर्ड, खरं दुकान आत वेगळ्या सर्व्हिसमध्ये असतं. पीजी-एलएसक्लस्टर्स ही कमांड मारली की खरं कळतं. मारली, तर डाऊन.

मग लॉग उघडला (आधीच उघडायला हवा होता). पॅनिक, डिस्कवर जागा नाही. 100 टक्के भरलेली, आणि सगळ्यात जाडजूड फोल्डर पीजी-वॉल (वॉल म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद), आत 16 एमबीच्या फायलींचा ढीग. एक जुना रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत) बंद केलेला पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याने वॉल कुठपर्यंत घेतलंय याची खूण) तसाच ठेवलेला, त्यामुळे सर्व्हर बिचारा त्याच्यासाठी वॉल साठवत बसला. जुन्या फायली उडवायला माझा हात जाणार तेवढ्यात सिनियर फोनवर ओरडला, "अरे हात नको लावूस त्याला, डेटा जाईल!" आधी या फोल्डरचं नाव पीजी-एक्सलॉग होतं, लोक लॉग समजून डिलीट करायचे, म्हणून व्हर्जन 10 मध्ये नाव बदललं. म्हणजे मी एकटाच नव्हतो.

त्याच डिस्कवरचे जुने डंप (बॅकअपच्या फायली) दुसरीकडे हलवले, थोडी जागा झाली, स्टार्ट केलं. लगेच कनेक्ट होत नाही, डेटाबेस सुरू होतोय असा एरर येत राहतो, कारण आत रिकव्हरी (वॉल वाचून डेटा जुळवणं) चाललेली असते, तेव्हा घाबरून प्रोसेस किल करायची नाही, चहा प्यायचा. वर आल्यावर तो स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट मारला (मेमरीतले बदल डिस्कवर लिहायला लावले), फोल्डर आपोआप बारीक झालं. व्हर्जन 13 पासून स्लॉटसाठी किती वॉल साठवायचं ते ठरवणारं मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ नावाचं सेटिंग आहे पण डिफॉल्टला लिमिट नसते, ती आपणच घालायची.

बाकी कधी पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट दुसऱ्याच प्रोसेसने धरलेला असतो, ते लॉगमध्ये स्पष्ट येतं. आणि परमिशनची कटकट नको म्हणून डेटा डिरेक्टरीला 777 (सगळ्यांना सगळी मुभा) देऊ नका, 700 (फक्त मालकाला) किंवा 750 (ग्रुपला नुसतं वाचायला) नसेल तर पोस्टग्रेस उठतच नाही. हे कुणी केलं होतं विचारू नका, पुढच्याच महिन्यात मीच.