घरातील व्यक्तीला बोलण्यात अडचण येत असल्यास मदत कशी घ्यावी

बोलणे अचानक अडखळू लागले किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मूल 2 वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसल्यास आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. हाक मारल्यावर ते वळून पाहते, एवढ्यावरून त्याला नीट ऐकू येते असे मानू नये. ‘बोलेल हळूहळू’ हा वडीलधाऱ्यांचा दिलासा प्रेमाचा असला, तरी तपासणी लांबवण्यास ते पुरेसे कारण नव्हे. मूल असो वा प्रौढ, वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाताना घरातल्या नेहमीच्या बोलण्याचे मोबाइलवरील छोटे चित्रीकरण सोबत न्यावे. दवाखान्यात बरेच जण गप्पच बसतात.

पक्षाघातानंतर शब्द न सुचणाऱ्या माणसाला समोरचे बोलणे पुष्कळदा समजत असते. म्हणून त्याच्यादेखत त्याच्याविषयी परस्पर बोलू नये, त्याचे वाक्य घाईने पूर्ण करू नये आणि ‘चष्मा हवा की वर्तमानपत्र?’ असे दोन्ही वस्तू दाखवून विचारावे.