कुंपण आणि गेटचं काम देण्याआधी

कंत्राटदाराला बोलावण्याआधी हद्द मोजून खुणा पक्क्या करा. खांब एक फूट जरी शेजारच्या जागेत गेला, तरी सगळं उखडावं लागतं.

कोटेशन लेखी घ्या आणि किमान तिघांकडून घ्या. नुसतं ‘लोखंडी पाइप’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये, दोन खांबांमधलं अंतर आणि खड्ड्याची खोली आकड्यांत हवी. सहा फुटी कुंपणाला खांब निदान आठ फुटी लागतो, म्हणजे दोन फूट जमिनीत जातो. भुसभुशीत मातीत त्याहून खोल.

खरी कसोटी गेटची. सगळा भार बिजागरीच्या खांबावर येतो, म्हणून तो इतरांपेक्षा जाड आणि खोल हवा. काँक्रीट ओलं असतानाच गेट टांगलं की खांब झुकतो, कडी जुळत नाही आणि गेट जमिनीला घासतं. आठवडाभर थांबायला लावाच.

खांबाच्या बुडाशी काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला सांगा. पाणी साचलं की गंज तिथूनच चढतो. वेल्डिंगचे सांधे घासून प्रायमर मारलेला स्वतः बघा, मगच रंग.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता गेट एका बोटाने उघडल्यावर.