घरदुरुस्तीचं काम शिकायचंय? आधी लेव्हल आणि काटकोन

टाइल कापायची घाई नको. आधी लेव्हल पाइप (पाण्याने सपाटी बघायची नळी), ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन) आणि गुण्या (काटकोन तपासायची L आकाराची पट्टी) हातात बसू द्या. पारदर्शक पाइपात पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर दोन्ही टोकांच्या खुणा चुकतात आणि अख्खी फरशी तिरकी बसते. खोलीचा कोपरा तपासायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन. जुन्या घरांत तो क्वचितच येतो, म्हणून टाइलची पहिली ओळ भिंतीला नव्हे, ताणलेल्या दोरीला धरून लावा.

बाथरूममध्ये पाणी जाण्याच्या जाळीकडे मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर उतार हवा. वॉटरप्रूफिंग सुकल्यावर आउटलेट बंद करून पाणी भरून ठेवा आणि २४ ते ४८ तास खालचं छत बघत राहा. ही चाचणी मिस्त्री घाईत टाळतात. तुम्ही टाळू नका.

सराव गच्चीवर, फुटक्या टाइलांवर करा. चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली महिनाभर बिगारी केलीत तर सिमेंट-वाळूचा मसाला किती ओला हवा हे हातालाच कळतं. वायरिंग मात्र असं शिकू नका. त्यासाठी आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे.