डेन्मार्कला नोकरीसाठी येताय? आधी तुमची फाइल कुठल्या कार्यालयात जाते ते बघा

परदेशी नागरिकांचे नियम डेन्मार्कमध्ये ठरतात ते स्थलांतर व एकात्मीकरण मंत्रालयात. 2001 मध्ये सुरू झालेलं हे खातं 2011 मध्ये बंद झालं आणि 2015 मध्ये पुन्हा उभं राहिलं. पण मंत्रालय कुणाचा वैयक्तिक अर्ज हातात घेत नाही, त्यामुळे तिथे मेल पाठवून काही हलत नाही. अर्ज जातो मंत्रालयाच्या हाताखालच्या दोन कार्यालयांपैकी एकात. नोकरी, शिक्षण आणि नोकरदाराचं कुटुंब हे ‘सिरी’ (आंतरराष्ट्रीय भरती व एकात्मीकरण संस्था) बघतं. आश्रय, पाहुण्यांचा व्हिसा आणि कायम वास्तव्य हे इमिग्रेशन सर्व्हिसकडे.

दोघांची वेबसाइट एकच आहे आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. ‘फॅमिली रियुनिफिकेशन’चं, म्हणजे डेन्मार्कमध्ये राहणाऱ्याने जोडीदाराला बोलावून घेण्याचं, पान उघडून दोघांचं वय किमान 24 असण्याची अट आणि बँक गॅरंटी वाचली की लोक हबकतात. वर्क परमिटवर येणाऱ्याच्या नवरा-बायकोला ते पान लागूच नाही. त्यांचा अर्ज ‘अकंपनीइंग फॅमिली’ म्हणून सिरीकडे जातो, आणि परवाना मिळाल्यावर त्यांना नोकरीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. यात जोडीदार आणि 18 वर्षांखालची मुलं येतात. आई-बाबा यात बसत नाहीत. ते पाहुण्यांच्या व्हिसावर येऊ शकतात, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस.

अर्ज भरायला घेण्याआधी पासपोर्टची मुदत बघा. परवाना पासपोर्ट संपण्याच्या तीन महिने आधीपर्यंतच देतात, त्यामुळे दीड वर्ष उरलेल्या पासपोर्टवर चार वर्षांचं कंत्राट असलं तरी परवाना सव्वा वर्षाचाच येतो. मग मुदतवाढीची फी पुन्हा भरायची. मुंबई-पुण्यात असतानाच नवा पासपोर्ट काढून घेणं केव्हाही स्वस्त.

पे लिमिट योजनेत, म्हणजे पगाराच्या आकड्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटमध्ये, वार्षिक पगाराची किमान मर्यादा असते. 2025 साठी ती 5,14,000 क्रोनर होती. दर जानेवारीला ती बदलते, म्हणून अर्जाच्या वर्षाचा आकडा धरा. नुसती मर्यादा ओलांडून भागत नाही. पगार आणि अटी डेन्मार्कमधल्या त्या कामाच्या रिवाजाला धरून हव्यात.

क्रम असा: आधी वेबसाइटवर केस ऑर्डर आयडी (आपल्या अर्जाचा नंबर) तयार करायचा, मग फी, मग अर्ज. तिन्ही गोष्टी एकाच कॅलेंडर वर्षात झाल्या पाहिजेत. डिसेंबरात फी भरून जानेवारीत अर्ज टाकला की तो नाकारला जातो. एआर वन हा वर्क परमिटचा ऑनलाइन अर्ज; त्याचा पहिला भाग कंपनी भरते आणि तुम्हाला रेफरन्स नंबर व पासवर्ड पाठवते. दुसरा भाग तुमचा. अर्ज गेल्यापासून 14 दिवसांत बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. भारतात हे काम व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात होतं, मुंबईतही केंद्र आहे. मात्र अपॉइंटमेंट लगेच मिळेल असं धरून चालू नका. अर्ज पाठवण्याआधीच तारखा बघून ठेवा.

लग्नाचा दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि त्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) घेऊनच निघा. इथे आल्यावर नगरपालिका तो मागू शकते, आणि इथून तो करून घेणं त्रासाचं आहे. लग्नानंतर बदललेलं नाव पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर तेही निघण्याआधी जुळवून घ्या.

पोचल्यावर सगळं अडकतं ते सीपीआर नंबरापाशी (इथला वैयक्तिक ओळख क्रमांक), आणि सीपीआर अडकतो पत्त्यापाशी. राहायला गेल्यापासून पाच दिवसांत नोंदणी करायची असते. कोपनहेगन, ऑर्हुस, ओडेन्स आणि ऑल्बोर्ग इथल्या इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिसमध्ये हे काम एका छताखाली होतं. ‘इथे सीपीआर करता येणार नाही’ असं सांगणारं घर भाड्याने घेऊ नका, कितीही स्वस्त असो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं आणि आगाऊ भाडंही जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, ही कायद्याची मर्यादा. घरात पाय ठेवताच टपालपेटीवर आपलं नाव लावा, पासपोर्टवर आहे अगदी तसं. नाव नसेल तर पिवळं आरोग्य कार्ड परत जातं आणि डॉक्टरकडे जायची वेळ आली की धावपळ होते.

मग मिटआयडी (ऑनलाइन लॉगिनसाठीची डिजिटल ओळख), बँक खातं आणि टॅक्स कार्ड (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारं). टॅक्स कार्ड नसेल तर पहिल्या पगारातून 55 टक्के कापले जातात. पैसे बुडत नाहीत, पण त्या महिन्याचं भाडं कुठून भरायचं हा प्रश्न उरतो. डिजिटल पोस्ट, म्हणजे सरकारी पत्रांची ऑनलाइन पेटी, रोज उघडा. सिरीचं पत्र तिथे येतं आणि तुम्ही वाचलं नाही तरी उत्तराची मुदत चालू होते.

डॅनिशचे वर्ग नगरपालिकेतून मिळतात. फी नसते, डिपॉझिट असतं. पहिल्याच वर्षी सुरू करा. कायम वास्तव्यासाठी साधारण आठ वर्षं लागतात. चारही पूरक अटी पूर्ण केल्या तर चार, आणि त्यांतली एक अट वरच्या पातळीच्या डॅनिश परीक्षेची आहे.

नोकरी बदलताना नवा अर्ज रुजू होण्याआधी गेलाच पाहिजे. दीर्घकाळ भारतात जाणार असाल तर सिरीला आधी विचारा. डेन्मार्कमधलं वास्तव्य दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर सलग सहा महिने बाहेर राहिल्यावर परवाना रद्द होऊ शकतो, त्याहून जास्त असेल तर बारा महिन्यांनी. अर्ज नाकारला गेला तर इमिग्रेशन अपील बोर्डाकडे आठ आठवड्यांत अपील करता येतं. निर्णयपत्राच्या शेवटी अपिलाची पद्धत लिहिलेली असते, ते पान आधी वाचा.