घरी रक्तातली साखर तपासताना

आंबा कापून तसंच बोट टोचलं, की मीटर बोटावरची साखरही मोजतो आणि आकडा उगाच फुगतो. आधी साबणाने हात धुऊन अगदी कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून बोट मुळाकडून हलकेच चोळा, टोक पिळू नका. रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लावा, पावसाळी दमट हवेत त्या खराब होतात. सुई दरवेळी नवी.

मीटरवरचा आकडा ७० (mg/dL) च्या खाली आला तर जेवणाची वाट पाहू नका. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने दवाखान्यात न्या.